सोनोग्राफी मशीनची ओरल कोण घेणार?

मित्रांनो, ओरलचा दिवस जरा आठवा. लॅबबाहेर रांगेत उभे असलेले आपण, हातात कोणाची तरी झेरॉक्स काढलेली फाईल, आणि आत एक्स्टर्नल. एक्स्टर्नलकडे अशी एक गोष्ट असते जी आपल्याकडे नसते. प्रश्नाचं बरोबर उत्तर त्यांना आधीपासून माहीत असतं! म्हणून तर ते परीक्षक आणि आपण विद्यार्थी. आता मला सांगा, जी मशीन्स रोज हजारो लोकांच्या पोटातली खबर देतात, त्यांची ओरल कोण घेतं?

हा प्रश्न मला कॉलेजमध्ये नाही, घरी पडला. वहिनीला पाचवा महिना होता. काही कारणाने दोन ठिकाणी सोनोग्राफी झाली आणि दोन रिपोर्टांत बाळाच्या वाढीत जवळपास एका आठवड्याचा फरक निघाला. घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. डॉक्टरांनी नीट समजावलं, की बाळ सारखं हलत असतं, मोजताना कोन थोडा बदलतो, इतका फरक पडू शकतो. पुढे सगळं व्यवस्थित झालं आणि आमचा पुतण्या आता घरभर रांगतो. पण त्या दिवशी वहिनीने मला विचारलं होतं, "भाऊजी, तुम्ही इन्स्ट्रुमेंटेशनवाले ना? मग सांगा, मशीनसुद्धा चुकतं का हो?"

मी "नाही नाही, तसं काही नसतं" म्हणून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर मला उत्तर माहीत नव्हतं. तेच शोधता शोधता आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट ठरला, आणि त्याचाच हा लेख. विषय आहे नकली ऊती, म्हणजे शरीरातल्या टिश्यूची हुबेहूब नक्कल करणारे पदार्थ. अशा पदार्थाने भरलेल्या चाचणीच्या डब्याला 'फँटम' म्हणतात. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ नव्हे बरं का! हा फँटम म्हणजे सोनोग्राफी मशीनचा एक्स्टर्नल.

मशीन अंतर मोजतच नाही!

सोनोग्राफीचं तत्त्व आपण अकरावी-बारावीत शिकलो आहोत. प्रोबच्या तोंडाशी पिझोइलेक्ट्रिक पदार्थाच्या शेकडो बारीक पट्ट्या असतात. त्यांना विजेचा छोटा झटका दिला की त्या थरथरतात आणि श्राव्यातीत ध्वनीचा एक ठोका, म्हणजे पल्स, शरीरात जातो. पोटाच्या तपासणीत याची वारंवारता साधारण ३.५ मेगाहर्ट्झच्या आसपास असते. वाटेत ऊती बदलली की थोडा ध्वनी परत फिरतो. तोच प्रतिध्वनी पट्ट्या पकडतात.

इथे गंमत आहे. मशीनला फक्त वेळ कळतो. ठोका निघाल्यापासून प्रतिध्वनी येईपर्यंत किती मायक्रोसेकंद गेले, एवढंच त्याला माहीत असतं. मग अंतर कुठून आलं? सोपं सूत्र आहे:

अंतर = वेग × वेळ ÷ २

दोनने भागायचं कारण ध्वनीने जाऊन-येऊन दोन फेऱ्या केल्या. वेळ मशीन मोजतं. पण वेग? तो मशीन मोजत नाही, गृहीत धरतं. जगभरातली सोनोग्राफी मशीन्स साधारणपणे एकच आकडा धरून चालतात, १५४० मीटर प्रति सेकंद. या हिशेबाने एक सेंटीमीटर खोलीवरून प्रतिध्वनी यायला १३ मायक्रोसेकंद लागतात.

हा आकडा आला कुठून? अमेरिकेत बेथेस्डा इथल्या नौदलाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत जॉर्ज लुडविग नावाचे डॉक्टर १९४० च्या दशकाच्या शेवटी पित्ताशयातले खडे ध्वनीने शोधता येतील का, यावर काम करत होते. त्यासाठी त्यांनी प्राण्यांच्या ऊतींमधून आणि माणसाच्या हातापायांच्या स्नायूंमधून ध्वनी किती वेगाने जातो ते मोजलं. १९५० मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. सरासरी आली १५४०. तीच आजपर्यंत चालू आहे.

पण सरासरी ती सरासरीच! चरबीत वेग साधारण १४५०, यकृतात १५७० च्या जवळ, स्नायूत १५८० च्या आसपास. म्हणजे प्रत्येक माणूस मशीनसाठी थोडासा 'आऊट ऑफ सिलॅबस' असतो. शिवाय आपल्या पोटात काय किती खोलीवर आहे, हे कोणालाच आधी माहीत नसतं. तेव्हा माणसावर मशीन चालवून मशीनची परीक्षा घेता येत नाही. परीक्षेसाठी असा 'पेशंट' पाहिजे ज्याच्या आत कुठे काय आहे हे मिलिमीटरपर्यंत ठाऊक आहे, आणि जो उद्याही आणि पुढच्या वर्षीही तसाच राहील.

मग मटण का नको?

प्रोजेक्टच्या पहिल्या मीटिंगमध्ये आमच्यातला एकजण म्हणाला, "एवढी डोकेफोड कशाला? खाटकाकडून किलोभर कलेजी आणू की!" कल्पना वाईट नाही. सुरुवातीच्या संशोधकांनी प्राण्यांच्या ऊतीच वापरल्या होत्या. पण अडचणी पाहा. मांस काही तासांत खराब व्हायला लागतं. सडताना त्यात वायूचे बारीक बुडबुडे तयार होतात, आणि बुडबुडा हा सोनोग्राफीचा सगळ्यात मोठा शत्रू. ऊती आणि हवा यांच्या सीमेवरून ९९ टक्क्यांहून जास्त ध्वनी परत फिरतो, पुढे काही जातच नाही. म्हणून तर तपासणीआधी पोटावर तो थंडगार चिकट जेल लावतात, प्रोब आणि कातडीमधली हवा घालवायला. शेवटची अडचण म्हणजे आजची कलेजी आणि उद्याची कलेजी सारखी नसते. रोज बदलणारा एक्स्टर्नल काय कामाचा?

दुसरा सोपा मार्ग म्हणजे पाणी. सुरुवातीच्या चाचण्या अशाच होत. एका टाकीत ठराविक अंतरावर बारीक तारा ताणून बसवायच्या आणि त्या पडद्यावर त्याच अंतरावर दिसतात का ते पाहायचं. पण २० अंश सेल्सिअसला पाण्यात ध्वनीचा वेग १४८२ असतो, १५४० नाही. यावर उपाय मोठा मजेशीर आहे. पाण्यात साधारण साडेनऊ टक्के इथेनॉल मिसळलं की २० अंशांना वेग १५४० होतो. शुद्ध इथेनॉलमध्ये वेग १२०० पेक्षाही कमी, पाण्यात १४८२, आणि दोघांच्या मिश्रणात दोघांपेक्षा जास्त! पाण्याचे आणि अल्कोहोलचे रेणू एकमेकांना धरून बसतात आणि मिश्रण दाबायला अवघड होतं, त्याचा हा परिणाम.

वेग जुळला, अंतराची चाचणी झाली. पण पाणी म्हणजे ऊती नव्हे. पाण्यात ध्वनी जवळजवळ न थकता जातो आणि चित्रात तारा सोडून सगळं काळं दिसतं. खऱ्या शरीरात तसं होत नाही.

तीन अटींचा पेपर

चांगल्या नकली ऊतीला निदान तीन विषयांत पास व्हावं लागतं, आणि तेही एकाच वेळी.

पहिला विषय वेग. १५४० च्या आसपास, फरक शक्यतो १० पेक्षा जास्त नको.

दुसरा विषय ॲटेन्युएशन, म्हणजे ध्वनी पुढे जाताना किती थकतो. फँटमसाठी हा आकडा ०.५ किंवा ०.७ डेसिबल प्रति सेंटीमीटर प्रति मेगाहर्ट्झ असा ठेवतात. दिसायला किरकोळ वाटतो. जरा हिशेब करू. ०.७ चं द्रव्य, ३.५ मेगाहर्ट्झ, १० सेंटीमीटर खोली, जाऊन-येऊन २० सेंटीमीटर. ०.७ × ३.५ × २० = ४९ डेसिबल. म्हणजे परत येईपर्यंत तीव्रता सुमारे ८०,००० पटीने कमी! हेच ०.५ ने केलं तर ३५ डेसिबल, सुमारे ३,२०० पट. आकड्यात फरक ०.२ चा, आणि परिणामात फरक २५ पटींचा. फँटमचा हा गुण चुकला तर मशीन किती खोलवर पाहू शकतं याचा निकालच चुकतो.

यातला 'प्रति मेगाहर्ट्झ' हा शब्द फार महत्त्वाचा. ऊतीत ॲटेन्युएशन साधारणपणे वारंवारतेच्या प्रमाणात वाढतं. वारंवारता दुप्पट, तर थकवा दुप्पट. पाण्यात मात्र ते वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. तेव्हा कुठल्यातरी एका वारंवारतेला आकडा जुळवून भागत नाही, पूर्ण आलेख जुळायला हवा.

तिसरा विषय स्कॅटरिंग. यकृत पडद्यावर राखाडी, दाणेदार दिसतं ना? ते दाणे म्हणजे पेशी नव्हेत. तरंगलांबीपेक्षा लहान अशा असंख्य रचनांवरून ध्वनी चहूबाजूंना विखुरतो आणि परत आलेले तरंग एकमेकांत मिसळून ते ठिपके तयार होतात. त्यांना स्पेकल म्हणतात. नकली ऊतीतही तसेच बारीक कण हवेत, नाहीतर मशीनला राखाडी छटा ओळखता येतात का हे तपासणार कसं?

आणि खरी मेख अशी की हे तीन विषय एकमेकांच्या पायात पाय घालतात. कण वाढवले की स्कॅटरिंग वाढतं, पण ॲटेन्युएशनही वाढतं. अल्कोहोल वाढवलं की वेग बदलतो, पण जेल नीट घट्ट होत नाही. एक नट आवळावा तर दुसरा ढिला! डिझाईन म्हणजे काय, हे मला मशीन डिझाईनच्या पेपरपेक्षा इथे जास्त कळलं.

जिलेटीन, ग्रॅफाइट आणि दूध

हा पेपर पहिल्यांदा चांगल्या मार्कांनी सोडवला तो अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या अर्नेस्ट मॅडसेन, जेम्स झॅगझेब्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९७८ साली. त्यांची सामग्री वाचून हसू येईल. जिलेटीन, पाणी, एक अल्कोहोल आणि ग्रॅफाइटची पूड, म्हणजे जेलीमध्ये पेन्सिलीच्या शिशाचा भुगा! पण प्रत्येक घटकाला नेमून दिलेलं काम होतं. पाणी आणि जिलेटीन यांनी मऊ, पाणीदार अंग दिलं. अल्कोहोलने वेग वर नेला. ग्रॅफाइटने ॲटेन्युएशन दिलं, आणि तेही ऊतीसारखं, वारंवारतेच्या जवळजवळ प्रमाणात. किती ग्रॅफाइट घालायचं यावर आकडा हवा तसा ठेवता येत होता.

पुढे याच गटाने १९९८ मध्ये अजून एक चलाखी केली. ग्रॅफाइटऐवजी त्यांनी आटवलेलं दूध वापरलं. दुधाने ॲटेन्युएशन मिळतं पण स्कॅटरिंग फार कमी होतं. मग स्कॅटरिंगसाठी काचेचे अतिसूक्ष्म मणी वेगळे घालायचे. म्हणजे एका नटाला एकच पाना! दोन गुण वेगवेगळे आवळता यायला लागले.

युरोपात अगारवर आधारलेली एक कृती खूप वापरली जाते. वजनाने सुमारे ८३ टक्के पाणी, ११ टक्के ग्लिसरॉल, ३ टक्के अगार, आणि उरलेल्यात सिलिकॉन कार्बाइड आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या बारीक पुडी आणि बुरशी न येण्यासाठी थोडं बेंझाल्कोनियम क्लोराइड. इथे वेग वाढवायचं काम ग्लिसरॉल करतं. आणि अगार म्हणजे काय? आपल्या किराणा दुकानात मिळणारं चायना ग्रास, तेच!

रबरी एक्स्टर्नल

पाण्याच्या जेलला एक जन्मजात दुखणं आहे. ते सुकतं. म्हणून काही उत्पादक युरेथेन रबराचे फँटम बनवतात. रबर सुकत नाही, फुटत नाही, वर्षानुवर्षं टिकतं. मग प्रश्न मिटला? नाही. त्यात ध्वनीचा वेग १४५० च्या आसपास असतो.

करून पाहा. रबरात ५ सेंटीमीटर खोलीवर एक दोरा आहे. जाऊन-येऊन १० सेंटीमीटर, वेग १४५०, वेळ सुमारे ६९ मायक्रोसेकंद. मशीन या वेळेला १५४० ने गुणणार, दोनने भागणार, आणि पडद्यावर दाखवणार ५.३ सेंटीमीटर. सरळ ३ मिलिमीटर जास्त! पाचव्या महिन्याच्या सुमारास बाळाच्या डोक्याची रुंदी पाच सेंटीमीटरच्या जवळपास असते आणि आठवड्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते. म्हणजे वेगात सहा टक्क्यांची गडबड झाली तर अख्ख्या आठवड्याचा फरक. हे गणित सुटलं तेव्हा वहिनीचे ते दोन रिपोर्ट मला आठवल्याशिवाय राहिले नाहीत. त्या फरकाचं कारण मशीनच होतं असं मी म्हणत नाही, डॉक्टरांनी सांगितलेली कारणं अगदी योग्य आहेत. पण 'एवढंसं' चुकणं म्हणजे किती, ते मला त्या दिवशी कळलं.

उत्पादकांना हे माहीत असतं. म्हणून ते रबरात दोरे मुद्दाम सरकवून बसवतात, म्हणजे पडद्यावर ते बरोबर अंतरावर दिसतात. अंतर जुळतं, पण ध्वनीचा झोत एका बिंदूवर आणण्याचं मशीनचं गणितही १५४० वरच बेतलेलं असतं. ते रबरात बिघडतं आणि दोरा ठिपक्याऐवजी पसरट रेघ दिसू शकतो. शिवाय रबरातलं ॲटेन्युएशन वारंवारतेच्या प्रमाणापेक्षा जास्त भरभर वाढतं. त्यामुळे रबरी फँटमवरून दोन मशीन्सची तुलना करताना जपून. पण 'हे मशीन मागच्या महिन्यासारखंच आहे का' एवढं पाहायला तो उत्तम. परीक्षकाची मर्यादा माहीत असली की त्याचाही उपयोग होतो.

परीक्षेत विचारतात काय?

फँटमच्या डब्यात नकली ऊतीमध्ये नायलॉनचे बारीक दोरे ठरलेल्या अंतरावर ताणलेले असतात. काही भागांत कण नसलेले नळीसारखे पोकळ आकार असतात, ते पाण्याच्या गाठीसारखे काळे दिसायला हवेत. मशीनला साधारण पाच प्रश्न विचारले जातात.

१) उभं आणि आडवं अंतर बरोबर दाखवतोस का? उभ्या अंतरात साधारण दीड टक्का किंवा दीड मिलिमीटर, आणि आडव्यात दोन टक्के किंवा दोन मिलिमीटर यापेक्षा जास्त चूक नको, असा एक प्रचलित दंडक आहे.
२) किती खोलवर पाहू शकतोस? स्पेकल कुठे संपतं आणि नुसता गोंगाट कुठे सुरू होतो?
३) जवळजवळचे दोन दोरे वेगळे दाखवतोस का?
४) काळी गाठ काळीच दाखवतोस, की तिच्यात नसलेले ठिपके भरतोस?
५) पूर्ण चित्र एकसारखं आहे का, की कुठे उभी काळी सावली पडते?

पाचवा प्रश्न सगळ्यात साधा आणि सगळ्यात महत्त्वाचा. आजच्या डिजिटल मशीनचं घड्याळ सहसा चुकत नाही. चुकतो तो प्रोब. तो हातातून पडतो, त्याची वायर पायाखाली किंवा ट्रॉलीच्या चाकाखाली येते, पुढची लेन्स सुटते, आणि काही पट्ट्या मरतात. शंभरातल्या चार मेल्या तरी पेशंटचं चित्र दिसायला ठीकच दिसतं, कारण शरीर मुळातच गुंतागुंतीचं. एकसारख्या नकली ऊतीवर मात्र ती सावली लगेच दिसते. स्वीडनमध्ये ३२ रुग्णालयांतले, रोजच्या वापरातले ६७६ प्रोब तपासले गेले. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जवळजवळ ४० टक्के प्रोबमध्ये काही ना काही दोष होता! आणि हे प्रोब अडगळीत पडलेले नव्हते, त्यांच्यावर रोज पेशंट तपासले जात होते.

फँटम नसला तरी एक छोटी चाचणी करता येते. प्रोब कोरडा, स्वच्छ पुसून हवेत धरायचा. पडद्याच्या वरच्या भागात समांतर पट्टे दिसतात, ते ध्वनी प्रोबच्या तोंडाशीच मागेपुढे आपटल्यामुळे आलेले असतात. ते पट्टे मध्येच तुटलेले दिसले तर तिथे गडबड आहे असं समजायचं. खर्च शून्य, वेळ अर्धा मिनिट.

आमची जेली

आता आमच्या पराक्रमाकडे वळू. सोनोग्राफी मशीन कॉलेजला आणणं शक्य नव्हतं, आणि ते योग्यही नाही. लिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या, आणि २००३ पासून आणखी कडक झालेल्या कायद्यानुसार असं मशीन नोंदणी नसलेल्या ठिकाणी विकताही येत नाही. मग आम्ही मेकॅनिकलच्या लॅबमधला वेल्डिंगचे दोष शोधायचा अल्ट्रासॉनिक फ्लॉ डिटेक्टर मागून आणला. चित्र नाही, पण वेळ मोजता येतो. आम्हाला तेवढंच हवं होतं.

पहिली जेली जिलेटीनची. कणांसाठी चक्क इसबगोल! हसू नका. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी जिलेटीन आणि इसबगोलाच्या भुशीचं पोटाच्या तक्रारीवरचं चूर्ण वापरून सरावासाठी स्वस्त फँटम बनवल्याचं प्रसिद्ध केलं होतं. आणि इसबगोल पिकतो कुठे? आपल्या शेजारी, गुजरात-राजस्थानात.

जेली दिसायला झकास झाली. पण एप्रिल महिना आणि पंखाही न चालणारी लॅब. जिलेटीन तिशीच्या पुढच्या तापमानाला मऊ पडतं. दुपारच्या जेवणानंतर येऊन पाहतो तर साच्यात सूप! नंतरची अगारची केली. अगार वितळायला ८५ अंशांच्या पुढे तापवावं लागतं, पण एकदा घट्ट झालं की चाळीशीतही ढिम्म हलत नाही. आपल्या हवेला तेच बरं. पण ढवळताना घाई केली आणि बुडबुडे अडकले. ध्वनी आरपार जाईचना. पुढच्या खेपेला हळू ढवळलं, फेस काढून टाकला, आणि ओतण्याआधी मिश्रण चाळीस-बेचाळीस अंशांपर्यंत ढवळत ढवळत थंड केलं, नाहीतर कण तळाशी बसतात. ती चांगली जमली. चार दिवसांनी तिच्यावर बुरशी आली, ते सोडा. बेंझाल्कोनियम क्लोराइड कृतीत उगाच नाही लिहिलेलं!

खरा धडा मिळाला तो वेग मोजताना. आम्ही साधं केलं. जेलीची जाडी मोजली, आरपार जायला लागणारा वेळ मोजला, भागाकार केला. दर वेळी वेगळं उत्तर! कारण व्हर्नियरचे जबडे जेलीत रुतत होते. ५० मिलिमीटरच्या जाडीत १ मिलिमीटर चुकलं तर वेगात ३० चा फरक पडतो, आणि आम्ही शोधत होतो १० चा फरक. सर येऊन फक्त एवढंच म्हणाले, "जाडी मोजूच नका असं नाही, पण तिच्यावर अवलंबून राहू नका."

म्हणजे काय? आधी पाण्याच्या टाकीतून ध्वनी पाठवायचा आणि वेळ पाहायचा. मग त्याच वाटेत जेली ठेवायची आणि वेळ किती बदलला तेवढंच पाहायचं. २५ अंशांना पाण्यातला वेग १४९७ हा पक्का माहीत आहे. ५० मिलिमीटरची जेली १५४० वेगाची असेल तर ध्वनी सुमारे ०.९३ मायक्रोसेकंद लवकर पोहोचतो. आता जाडी १ मिलिमीटरने चुकली तरी चूक फक्त त्या फरकात शिरते, पूर्ण वेगात नाही. उत्तर १५४० च्या जागी १५३९ येतं. ३० ची चूक १ वर आली! उपकरण तेच, जेली तीच, फक्त प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारला. चार वर्षांत मेजरमेंटच्या पुस्तकात 'तुलनेने मोजा' हे वाक्य अनेकदा वाचलं होतं, पण कळलं त्या दिवशी.

एक्स्टर्नलचीही ओरल!

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते लेखाचं सार. फँटमवर आपण आंधळा विश्वास टाकतो. पण तोही बदलतो. जेलमधलं पाणी वर्षानुवर्षं उडत राहतं, पृष्ठभाग खाली बसतो, वेग सरकतो. यावर सोपा उपाय म्हणजे फँटम नवा असताना त्याचं वजन करून लिहून ठेवायचं आणि अधूनमधून पुन्हा वजन करायचं. वजन घटलं म्हणजे पाणी गेलं. भारी उपकरण नको, चांगला तराजू पुरे.

दुसरी गोष्ट तापमान. फँटमचे आकडे साधारणपणे २२ अंशांना दिलेले असतात. आपल्याकडे उन्हाळ्यात खोली ३२ अंशांवर सहज जाते. नुसत्या पाण्याचं उदाहरण घेतलं तर २२ अंशांना वेग १४८८ आणि ३२ अंशांना सुमारे १५१३. फरक १.७ टक्के, म्हणजे १० सेंटीमीटरला १.७ मिलिमीटर. दीड मिलिमीटरची मर्यादा इथेच ओलांडली! मशीन निर्दोष, फँटम निर्दोष, दोष फक्त खोलीच्या तापमानाचा, आणि शेरा 'मशीन नापास'. म्हणून चाचणीच्या वहीत तारखेशेजारी तापमान लिहिलेलं नसेल तर ती चाचणी अर्धवट समजावी.

म्हणजे मशीनला तपासायला फँटम, फँटमला तपासायला तराजू आणि थर्मामीटर, आणि त्यांना तपासायला प्रमाणित वजनं आणि मापं. ही साखळी कुठे तुटली तर शेवटचं टोक कोणाच्या हातात असतं? सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या माणसाच्या हातात. त्याला डेसिबल माहीत नसतात, १५४० माहीत नसतो. त्याच्या हातात फक्त रिपोर्ट असतो आणि तो त्याला खरा मानतो.

मित्रांनो, उद्या आपल्यातले काहीजण हॉस्पिटलमध्ये बायोमेडिकल इंजिनिअर होतील, काही ही मशीन्स विकतील, दुरुस्त करतील. तेव्हा एवढंच लक्षात ठेवा, चित्र छान दिसतं म्हणजे ते बरोबर असतं असं नाही. विचारायचे प्रश्न दोनच. शेवटची चाचणी कधी झाली? आणि ती ज्याच्यावर झाली तो फँटम स्वतः कधी तपासला?

प्रोजेक्ट संपल्यावर मी वहिनीला उत्तर दिलं. म्हटलं, "हो वहिनी, मशीनसुद्धा चुकतं. पण त्याची चूक पकडायला चायना ग्रासची जेली पुरते." त्यावर ती म्हणाली, "मग पकडतात का?"

या प्रश्नाचं उत्तर मात्र जेलीत नाही, आपल्यात आहे.

— अंतिम वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन विभाग